काचेवरचं मिठागर

तो लॅबमध्ये शिरला की आधी पंखा बंद व्हायचा. खाली कोण बसलंय, कोण घामाने निथळतंय, याची विचारपूस नाही. दार ढकलायचं, बटणावर हात मारायचा आणि वर आम्हालाच दम द्यायचा, "वारा नको. बसू दे त्याला."

रोह्याचा एप्रिल ज्यांनी काढलाय त्यांना मी वेगळं काय सांगू? कुंडलिकेवरून वारा येतो म्हणतात, पण तो आमच्या कंपनीच्या कुंपणापर्यंत येऊन परत जायचा. मी नवीन होते. उठून पंखा लावला. त्याने बंद केला. मी परत लावला, त्याने परत बंद केला. बाकीची मंडळी माना खाली घालून हसत होती. शेवटी तो माझ्या टेबलापाशी आला. "बाई, तुमचा घाम पुसता येतो. माझं विस्कटलं तर पुन्हा लावता येत नाय."

असं कुणी बोललं की ऐकून घेणारी मी नव्हे. माझ्या नाकावरच्या रागाबद्दल पेणमध्ये कुणालाही विचारा. पण बोलून झाल्यावर तो एक पुठ्ठा माझ्यासमोर ठेवून गेला, वारा घ्यायला. मग त्याच्याशी काय डोंबल भांडणार?

त्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही कुणाकडे तरी चौकशी कराल आणि लोक तुम्हाला पूजेची गोष्ट सांगतील. ती उलटी सांगतात. त्याने पूजेचं ताट लाथाडलं म्हणतात, देवाला शिव्या घातल्या म्हणतात. मी तिथे उभी होते. म्हणून मीच सांगते, झाली तशी.

आमची कंपनी एक पांढरं दूध बनवायची. भिंतीच्या रंगात, गोंदात, गुळगुळीत कागदावर घालतात ते. आम्ही लॅबवाले प्रत्येक बॅचचा नमुना घ्यायचो, काचपट्टीवर पसरून वाळवायचो, दाटपणा बघायचो आणि शेरा मारायचो. मी पेणची, मास्तरांची मुलगी. तो पेणच्या खाडीकडच्या गावातला, मिठागरात राबणाऱ्या घरातला, त्या आळीतला पहिला बीएस्सी. दोघंही पेणहून एकाच पॅसेंजर गाडीने रोह्याला जायचो. मी सुरुवातीला त्याला अहो-जाहो करत होते. एक दिवस म्हणाला, "अहो नको बाई. कुणीतरी माझ्या पाठी उभा हाय असं वाटतं." तेव्हापासून तो माझा 'अरे' झाला आणि मी त्याची 'बाई' राहिले.

मी नोकरीला लागायच्या आधी एकदा एक बॅच बिघडली. गिऱ्हाइकाला हवी तशी दाट होईना. लॅबच्या साहेबांनी ती गटारात सोडून द्यायला सांगितली. तिच्या नमुन्याची एक वाटी ओव्हनच्या मागे राहून गेली आणि आठवड्याभराने सापडली तेव्हा तिच्या काठावर हिरवी झाक होती, कबुतराच्या मानेवर असते तशी. सगळे म्हणाले, तेल पडलं असेल. त्याने वाटी उचलली, खिडकीशी नेली, इकडे वळवली, तिकडे वळवली. हिरवं निळं झालं, मग नाहीसं झालं. "तेल नाय," एवढंच म्हणाला आणि त्या दिवशी जेवला नाही. त्या बिघडलेल्या बॅचचा एक डबा भरून त्याने आपल्या कपाटात ठेवला. बाकीची गटारात गेली.

तेल नव्हतंच ते. ते दूध म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या गोळ्या असतात, इतक्या बारीक की केसाच्या जाडीत शेकड्याने मावतील. एरवी लहान-मोठ्या मिसळलेल्या असतात. या फसलेल्या बॅचमध्ये सगळ्या एका मापाच्या निघाल्या. पाणी सावकाश उडालं की एका मापाच्या गोळ्या आपसूक रांगा धरून बसतात, दुकानात मोसंब्यांची रास लावतात तशा. आणि त्या रांगा उजेडाला अडवतात, वळवतात, फोडतात. हे त्याने कॉलेजच्या लायब्ररीत बसून शोधून काढलं. मग काचपट्ट्यांवर रांगा लावायचं वेड लागलं. आमचा पंखा त्यापायी गेला.

पट्ट्या तो साबणाच्या डबीतून नेहमी जवळ बाळगायचा. आमची गाडी निडी स्टेशनात कितीतरी वेळा समोरच्या गाडीसाठी थांबून राही. सकाळचं ऊन तिरपं खिडकीतून आत आलेलं. एकदा पापडांची पाटी घेऊन बसलेल्या एका मावशीने त्याच्या हातातली पट्टी बघितली आणि असल्या रंगाचं लुगडं मिळेल का विचारलं.

"मावशी, रंग नाय हा. रंग घातलेलाच नाय."

"मंग दिसतंय काय रं?"

"उजेड. त्याला मी वाट दावलीय."

मावशीने पट्टी हातात घेतली, जरा कलती केली आणि हिरवं गेलं. ती घाबरली, आपल्या हातून खराब झालं की काय. तो म्हणाला, गेलं नाय, समोरच्या बाईंकडं धाडलंय तुम्ही. आणि खरंच, तो हिरवा उजेड त्या क्षणी माझ्या डोळ्यात येत होता. मावशीने माझ्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं आणि त्याला एक पापडाचं पुडकं दिलं. पैसे घेतले नाहीत. त्याच्या कामाला मिळालेला मान म्हणाल तर तेवढाच. तुम्ही हसाल, पण मी तो धरते.

पुढे त्याने त्या गोळ्यांवर चांदीचा मुलामा चढवायला सुरुवात केली. लॅबमध्ये पाण्यातलं मीठ तपासायला सिल्व्हर नायट्रेटची बाटली असतेच. प्रत्येक गोळीच्या डोक्यावर चांदीची टोपी. कशाला, म्हणून मी विचारलं तर त्याने मला खिडकीशी बोलावून समोरच्या वस्तीची छपरं दाखवली. तेव्हा घराघरावर टीव्हीच्या अँटिना असायच्या, बांबूला बांधलेल्या. "त्या काड्या ठरावीक लांबीच्या का असतात? लाटेच्या मापाच्या. उजेड पण लाटच हाय, पण लय बारीक. त्याला अँटिना पण तेवढीच बारीक लागते. ही टोपी म्हणजे अँटिना."

एक अँटिना उजेड कुठेही उधळते, म्हणे. पण हजारो अँटिना सारख्या अंतरावर रांगेत उभ्या केल्या की एकीचा जोर दुसरीला मिळतो. चिखलात रुतलेली होडी ओढताना सगळे एकाच्या हाकेवर जोर लावतात तसं. मग उजेड आपण सांगू त्या दिशेला जातो, बाकीच्या दिशांना जात नाही. अंतर बदला, दिशा बदलते. मी स्वतः केमिस्ट्रीची, मला निम्मं कळलं. आता असल्या अँटिनांबद्दल पेपरात कधीमधी छापून येतं, अमुक देशात तमुक शोध. मी तो पेपर दुमडून ठेवते. वाचवत नाही.

रांगा लावायची त्याची पद्धत कुठल्या पुस्तकातली नव्हती, बापाच्या मिठागरातली होती. मिठाच्या वाफ्यात पाणी हळू घेतात, घेतलं की वाट बंद करतात आणि मग त्याच्याकडे फक्त बघतात. मीठ धरत असताना वाफ्यात कुणी पाय टाकत नाही. टाकला तर खालचा चिखल उठतो आणि मीठ काळं पडतं. लहान असताना चेंडू आणायला वाफ्यात उतरला म्हणून बापाने त्याला बांधावरून खाडीत फेकला होता. हे तो मोठ्या अभिमानाने सांगायचा.

तसंच इथे. काच साचलेल्या पाण्यासारखी समतल. तिच्यावर दुधाचं पातळ पाणी कागदाच्या कडेवरून हळू सोडायचं. वर मातीची परात पालथी, शेजारी ओला फडका, म्हणजे सुकण्याची घाई नको. मीठ उन्हात पिकतं, त्याचं पीक पावसात. हवा ओली असली की पाणी सावकाश उडतं. "बापाचं आगर बुडालं की माझं चालू," असं म्हणायचा. पंपाचा हादरा नको म्हणून त्याने स्टोअररूमच्या कोपऱ्यात वाळूने भरलेलं घमेलं ठेवलं आणि त्यावर काच. तरी भेगा पडायच्या. भेग पडली की तो काचेला जे बोलायचा ते मी इथे लिहू शकत नाही.

त्याच्या बहिणीच्या लग्नाला मी त्यांच्या गावी गेले होते. त्याची आई मला बाजूला घेऊन बसली. "काय सांगू गो बाय, ह्याला काच दिसते, पोरी दिसत नाय. तू तरी समजाव." तेवढ्यात तो मांडवातून आला आणि आचाऱ्याला म्हणाला, चुलीची राख माझ्या काचेवर उडते, चुलीचं तोंड फिरव. आईने कपाळाला हात लावला. मीही लावला.

आता खरी गोष्ट.

त्या हिवाळ्यात रोह्याच्या कॉलेजात मुंबईच्या एका संस्थेतले प्राध्यापक व्याख्यानाला आले होते. विषय वेगळाच काहीतरी. व्याख्यान संपलं, आभार झाले, मंडळी चहाकडे वळली, आणि हा सरळ उठून त्यांच्या वाटेत उभा राहिला. साबणाची डबी पुढे. कॉलेजची माणसं त्याला बाजूला घ्यायला धावली. प्राध्यापकांनी सौजन्य म्हणून पट्टी हातात घेतली, खिडकीकडे धरली, आणि मग ती कलती करत, सरळ करत तिथेच उभे राहिले. चहा गार झाला. कुठे केलं, कशावर केलं, व्हॅक्यूमची यंत्रं कुणाची वापरलीस, एकामागून एक प्रश्न. यंत्र नाय, परात हाय, असं हा म्हणाला. ते मोठ्याने हसले, पण चांगलं हसले. जाताना म्हणाले, "तळहाताएवढी करून आण. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी. मग तू माझ्याकडेच ये, तिथेच काम कर."

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्या दिवशी परतीच्या गाडीत तो नागोठण्यापर्यंत साबणाची डबी उघडून-मिटून बघत होता. मग म्हणाला, "बाई, शिफ्ट सुटंल माझी." त्याला दुसरं काही नको होतं. दिवसभर रांगा लावता येतील अशी एक जागा आणि कुणी मध्ये हात घालणार नाही एवढंच.

पुढचा अख्खा पावसाळा त्याने त्या एका काचेत घातला. किती काचा फुकट गेल्या ते मी मोजलं नाही. गणपतीत पेणचं निम्मं गाव मूर्तींच्या कारखान्यात जागत होतं, हा सुट्टी घेऊन वाळूच्या घमेल्याशी बसला होता. आणि भाद्रपद सरता सरता ती झाली. तळहाताएवढी. मंद शेक देऊन गोळ्या बसवल्या, चांदी चढवली. त्याने मला स्टोअररूममध्ये नेलं, दार लावलं, काच खिडकीकडे तिरपी धरली. माझ्या अंगावर हिरवा पट्टा पडला, पातळाच्या निऱ्यांवर, हातावर. कुठे डाग नाही, भेग नाही. माझ्यासारख्या बाईचं तोंड बंद करणं सोपं नव्हे, पण झालं.

समोरून बघितली तर मात्र ती काच मळकट दिसायची, राखेचा हात फिरल्यासारखी. असणारच. उजेड ती समोर देतच नव्हती, बाजूला धाडत होती. हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळं यावरच फिरलं.

दसऱ्यानंतर तो मुंबईला जाणार होता. गाडीच्या हादऱ्यात रोज ने-आण नको म्हणून काच कपाटात कुलपात ठेवली होती, उरलेल्या दुधाच्या डब्याशेजारी. कुलपाची दुसरी किल्ली साहेबांकडे.

आणि आली खंडेनवमी. कारखान्यात तो दिवस कसा असतो तुम्हाला ठाऊक आहे. यंत्रं बंद, धुऊन पुसून लख्ख, झेंडूच्या माळा, आंब्याची पानं. आमच्या लॅबमध्ये तराजूला कुंकू, ओव्हनला कुंकू, आग विझवायच्या नळकांड्यालासुद्धा स्वस्तिक. तो याच्या विरुद्ध वगैरे नव्हता. बॉयलरची माळ दरवर्षी तोच ओवायचा. त्या दिवशी त्याची दुसरी शिफ्ट होती. मी कँटीनमध्ये ताम्हण आणायला गेले होते.

परत आले तर टेबलावर यंत्रांच्या रांगेत, मधोमध, ती काच. पाटावर ठेवलेली. लख्ख. वर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, अक्षता, एक झेंडू. मी ताम्हण बाजूला ठेवलं. मी वाकून तिरपं बघितलं. एका कोपऱ्यात नखाएवढं हिरवं उरलं होतं.

साहेबांना विचारलं, हे काय केलंत? साहेब हसतमुख होते. मुंबईहून डायरेक्टर येणार होते, त्यांना लॅबचं काम दाखवायचं होतं. कपाट उघडून काच काढली तर मळलेली दिसली. सगळ्यांकडून ऐकलं होतं की चमकते, आणि ही तर चमकत नाही. मग त्यांनी स्वतःच्या हाताने साबणाच्या पाण्याने धुतली, फडक्याने पुसली. "पूजेला स्वच्छ नको का म्याडम?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि ती कुठे काढायची तेच कळेना, हा माझा खरा संताप आहे. हा माणूस दुष्ट असता तर सोपं होतं. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा यानेच आपली गाडी दिली होती. गोड बोलायचा, सगळ्यांची चौकशी करायचा. फक्त त्याला असं वाटायचं की लॅब आपली, म्हणजे लॅबमधलं सगळं आपलं, आणि आपलं म्हटलं की हात लावायला विचारायचं कशाला? त्याने चोरी केली नाही, तोडफोड केली नाही. पूजा केली. आता पूजेवर कुणी रागवायचं कसं? सांगा मला. आपल्याकडे एखाद्या गोष्टीचा सत्यानाश करायचा असेल तर तिला हार घालावा. कुणी जाब विचारणार नाही.

डायरेक्टर आले, आरती झाली, आणि त्याच वेळी तो आला. नवीन शर्ट घातला होता. टेबलाकडे बघितलं. काचेपुढचा नारळ उचलून बाजूला ठेवला, झेंडू काढला, काच हातात घेतली आणि खिडकीकडे तिरपी केली. नारळ बाजूला ठेवला, एवढंच. ताट लाथाडलं म्हणणाऱ्यांनी ऐकून ठेवावं.

साहेब म्हणाले, "ये ये, तुझीच वाट बघत होतो. प्रसाद घे."

तो वळला. आवाज चढला नव्हता. "साहेब, माझा बाप पण पूजा करतो. नारळ फोडतो, गुलाल टाकतो. पण बांधावर. वाफ्यात पाय टाकून पूजा करणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघितला."

कुणाला काही कळलं नाही. डायरेक्टर अर्धवट हसले. साहेबांचा चेहरा पडला. "अरे, पूजाच केली ना? वाईट काय केलं?" तो काच परत पाटावर ठेवून बाहेर गेला, आणि त्या दिवशी कामावर परत आला नाही.

चार दिवसांनी कंपनीने त्याच्याकडे लेखी माफी मागितली. डायरेक्टरांसमोर पूजेचा अपमान केला म्हणून. इथे एक गोष्ट सांगते म्हणजे त्याने काय सोडलं ते कळेल. त्याचं सगळं संपलेलं नव्हतं. कपाटात त्या बॅचचं दूध उरलं होतं. तो मुंबईला जाऊन प्राध्यापकांना सगळं सांगून आला होता आणि ते म्हणाले होते, पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबतो. त्याने तसलं दूध बनवायचा आधी कितीदा प्रयत्न केला होता, जमलं नव्हतं. म्हणजे जे काही होतं ते त्या डब्यात होतं, आणि डबा कंपनीच्या कपाटात. माफीच्या दोन ओळी लिहिल्या की डबा त्याचा, स्टोअररूम त्याची, आणि एका पावसाने शिफ्ट सुटणार.

सगळ्यांनी त्याला समजावलं. लिही की रे, तुझं काय जातंय. शहाणपण असं फुकट वाटायला माणसं नेहमी तयार असतात. मी गाडीत त्याला विचारलं, काय करणार आहेस? मी लिही म्हटलं नाही, नको लिहू असंही म्हटलं नाही. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पूजेचा अपमान झाला असं मी लिहिलं, तर काचेचं काय झालं ते कुठं लिहायचं? त्या कागदावर काच नायच हाय, बाई."

त्याने लिहिलं नाही. कंपनीने त्याला कामावरून कमी केलं.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि तो डबा मागितला. मी विकत घेते म्हटलं. टाकाऊ माल आहे, तुम्हीच टाकायला सांगितला होता म्हटलं. ते गोड हसले. कंपनीच्या मालाचं असं देता येत नाही म्याडम, आणि वर, तुम्हाला त्याचा एवढा कळवळा का, असंही विचारलं. त्या 'का'मध्ये जे होतं ते प्रत्येक नोकरी करणाऱ्या बाईला ओळखता येतं. मी म्हटलं, "कारण मी ती काच तिरपी धरून बघितलीय, साहेब. तुम्ही नाही." दुसऱ्या दिवशी कपाट रिकामं करायचा हुकूम निघाला. डबा गटारात ओतताना मी बघितला. पांढरं पाणी कुंपणाच्या बाहेर गेलं, नदीकडे. रोज जातच होतं म्हणा.

तो वापीला गेला, एका रंगाच्या कंपनीत. एकदाच भेटला, पेणच्या एसटी स्टँडवर, शिमग्याला गावी आला होता. अंगाने भरला होता. मी विचारलं, काचा लावतोस का अजून?

"नाय बाई. लगीन केलं."

हसलो दोघंही. मग त्याने तोंड फिरवलं आणि रामवाडीकडून गाडी येतेय का बघत राहिला. गाडी येत नव्हती. मला तेव्हा खूप बोलायचं होतं, शिव्या द्यायच्या होत्या, त्याला नव्हे, सगळ्यांना. पण तो म्हणाला, "तिथं बरं हाय. कुणी पूजा करत नाय." मग त्याची गाडी लागली. त्यानंतर त्याची खबर नाही. आई वारली, घर बंद झालं, असं गाडीतल्या कुणीतरी सांगितलं.

काच मात्र आमच्याकडेच राहिली. साहेबांनी तिला केबिनमध्ये काचेच्या शोकेसमध्ये ठेवलं, खाली पाटी लावून, 'प्रयोगशाळेचे संशोधन'. दर खंडेनवमीला ती बाहेर निघायची. धुतली जायची, कुंकू लागायचं. कोपऱ्यातलं नखाएवढं हिरवंही पहिल्याच वर्षी गेलं. मी दरवर्षी तिरपं वाकून बघायचे, म्हणून मला ठाऊक.

मी नोकरी सोडली त्या वर्षीची नवमी शेवटची. डायरेक्टर नवे होते. साहेबांनी मला बोलावलं, लॅबमध्ये सगळ्यात जुन्या तुम्ही, यंदा कुंकू तुम्ही लावा. मी कुंकवाचा करंडा हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "यावर आता काही नाही, साहेब. ही नुसती काच आहे. पानवाल्याच्या टपरीला लावतात तसली."

"असू दे हो म्याडम. भावना असते."

मी करंडा टेबलावर ठेवला. नव्या डायरेक्टरांनी कुतूहलाने काचेकडे हात पुढे केला. साहेब चटकन मध्ये आले. "नको सर, बोट नका लावू. फार नाजूक काम असतं हे." आणि खिशातला धुतलेला रुमाल काढून त्यांनी ती काच पुसली. इतकी हळुवार पुसली, श्वास धरून पुसली, की बघणाऱ्याला वाटावं तिच्यावर खरोखर काहीतरी आहे.